नाव कंपनीचं, नुकसान वऱ्हाडाचं

३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत देशातल्या बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर यावं, असं रिझर्व्ह बँकेने फर्मावलं. चांगलं झालं. पण मला सल लागून राहिला. बँकांच्या यंत्रणा उभारणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या नावाने अमरावती-अकोल्याची पोरं लुबाडली जातात. त्यांच्यासाठी असा आदेश कुणी काढला नाही.

तोतयेगिरी जुनीच. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सिफी प्रकरणात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण दिलं. २००५ साली खुद्द नॅसकॉम, सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना, दिल्ली उच्च न्यायालयात उभी राहिली. नोकरभरतीवाले तिच्या नावाने मेल पाठवून लोकांची माहिती काढत होते. न्यायालयाने फिशिंग बेकायदा ठरवलं, १६ लाखांची भरपाई ठरली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-ड कलम आलं : तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. कागद पुरा झाला.

मी वर्गात उभा राहून पाहिलं ते २०१५ नंतरचं दशक. बडनेरा, अकोला, शेगावच्या कॉलेजांतली पोरं हिंजवडीकडे डोळे लावून असत. कॅम्पसला माणसं येत, समोरासमोर मुलाखत होई, पत्राची खातरजमा तिथेच होई. ते गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. २०२०च्या टाळेबंदीत मुलाखत पडद्यावर गेली, लॅपटॉप कुरिअरने येऊ लागला. २०२१-२२मध्ये एकट्या टीसीएसने लाखभर फ्रेशर्स घेतले. पाठोपाठ मंदी आली आणि अनेक कंपन्यांनी ऑफर देऊनही जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबवलं. वाट पाहून थकलेली पोरं तोतयांना आयती सापडली.

मूर्तिजापूरकडचे एक वडील अशाच तोतयांनी मुलाला पाठवलेलं नोकरीचं पत्र घेऊन आले होते. ठसठशीत लोगो, निळी सही, खाली पुण्याचा पत्ता. मेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘करिअर्स’. लॅपटॉपपोटी ‘परत मिळणारी’ अनामत त्यांनी तुरीच्या चुकाऱ्यातून भरून टाकली होती. “सर, कंपनी तर खरी हाय ना जी?” कंपनी खरीच होती. तिथे फोन लावला तर उत्तर मिळालं, संकेतस्थळावर सूचना दिलेली आहे.

सूचना म्हणजे संरक्षण नव्हे. आपल्या पत्त्यावरून खोटा मेल जाऊ नये म्हणून कंपन्या डीमार्क लावतात. मिळताजुळता पत्ता त्यात अडकत नाही, कारण भामट्याने तो रीतसर विकत घेतलेला असतो, हजाराच्या आत. तो काढून घ्यायला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जायचं तर १,५०० डॉलर शुल्क, वर वकील, आणि साधारण दोन महिने. तोवर अनामत बुडालेली असते. नवे नोंदले जाणारे पत्ते रोज तपासता येतात. ते काम कंपनीचं आहे, तुरीवाल्या बापाचं नाही.

कॉलेजांनीही फलकांवर लोगो मिरवले, पण मेलचा पत्ता नीट वाचायला शिकवलं नाही.

पैसे मागणारं पत्र आलं की पोरांनी ते खोटंच समजावं. भरले असतील तर तत्काळ १९३०ला फोन करावा. कंपन्यांनी मात्र प्रत्येक ऑफरला क्रमांक द्यावा, तो मूळ संकेतस्थळावर तपासता यावा आणि निवडीची यादी थेट कॉलेजला कळवावी. वऱ्हाडची पोरं कामाला हवी असतील, तर आपल्या नावाने त्यांच्या घरी काय जातं याची जबाबदारीही कंपन्यांनीच घ्यायला हवी.