पाण्याचा दाखला घाटावर लागावा

त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी आषाढात करकंबमार्गे पंढरीस जाते. करकंब सोडले की वारकऱ्याच्या मनात चंद्रभागेच्या स्नानाची ओढ लागते. दर्शनाची रांग ज्याला झेपत नाही, तोही स्नान आणि कळसदर्शन यांवर समाधान मानून परततो. परंतु ज्या पाण्यात तो उतरतो ते त्या दिवशी कसे आहे, हे त्याला सांगावयाचे कोणी?

पाणी तपासलेच जात नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीच, १९६९ साली केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. मुंबईचे समुद्रकिनारे असोत की नरसिंहपूर, पंढरपूर व टाकळी येथील भीमा असो, मंडळाकडून नमुने घेतले जातात. स्नानयोग्य पाण्याचे निकषही ठरलेले आहेत. नदीच्या शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणू ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा, असे २००० सालची अधिसूचना सांगते. समुद्रस्नानासाठी हाच आकडा १०० आहे. जुहूला डुंबणाऱ्याच्या आरोग्याची चिंता पंढरीच्या यात्रेकरूपेक्षा अधिक कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो अगदीच अनाठायी नव्हे.

खरी अडचण निराळीच आहे. नमुना घेतल्यावर जीवाणूंची वाढ पाहण्यासाठी नळ्या उष्मायन पेटीत ठेवून निदान एक-दोन दिवस थांबावे लागते. त्यानंतर आकडे तक्त्यात आणि तक्ते मंडळाच्या संकेतस्थळावर जातात. तोवर एकादशी होऊन गेलेली असते आणि वारकरी गावी परतून पेरणीच्या कामाला लागलेला असतो. महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यावरून नदीचा वर्षाचा कल कळेल. परंतु लाखोंच्या गर्दीच्या चार दिवसांत घाटाशी काय घडले, हे त्यावरून कळणार नाही. ही व्यवस्था नदीची नोंद ठेवते. स्नान करणारा तिच्या हिशेबातच नाही.

आणि भीमेची प्रकृती मुळातच नाजूक आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि उजनीत साठते. यात्राकाळी उजनीचे पाणी सोडले की पात्र भरते आणि घाण पातळ होते. ती नाहीशी होत नाही. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतील ५३ महाराष्ट्रातील होते, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, आणि त्यांत भीमाही होती. ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा त्याआधीच, २०१६ साली, झालेली होती! यात्रा आणि पटकी यांचे नाते एकोणिसाव्या शतकापासून आपल्याला ठाऊक आहे. तेव्हाच्या सरकारला निदान अज्ञानाची सबब होती.

युरोपातील देशांनी २००६ च्या निर्देशानुसार स्नानाच्या पाण्याच्या चार प्रती ठरविल्या. उत्तम, चांगली, पुरेशी की निकृष्ट, हे किनाऱ्यावरच, लोकांच्या नजरेस पडेल अशा फलकावर लिहिणे तेथे बंधनकारक आहे. असा फलक उभारण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. चारही वाऱ्यांच्या काळात, यात्रेच्या आठवडाभर आधीपासून पुंडलिकाच्या मंदिरापाशी आणि मुख्य घाटांवर रोज नमुने घ्यावेत, ते पंढरपुरातच तपासावेत आणि हाती आलेला ताजा निकाल, नमुन्याच्या तारखेसह, मराठीत पायऱ्यांवर लावावा. कानड्या मुलुखातून येणाऱ्यांसाठी कानडीतही लावावा.

‘वारकरी तरीही स्नान करणारच’, असे यावर कोणी म्हणेल. करील. त्याच्या श्रद्धेला अडविण्याचा अधिकार ना मंडळाला, ना आपल्याला. परंतु फलक वाचून तो कदाचित डोक्यावर पाणी शिंपडून थांबेल, अंगावर जखम असेल तर आत उतरणार नाही, तीर्थ म्हणून ते पाणी मुखात घेणार नाही, आणि घरच्या तान्ह्या मुलासाठी भरून घेतलेली बाटली पुन्हा पात्रात रिती करील.

फलकावर निकृष्ट असे लिहिण्याची वेळ आली तर ते लिहिण्याचे धैर्य कोणाच्या सहीत असेल, हा प्रश्न मात्र उरतोच. बहुधा तक्ते संकेतस्थळावरच राहण्याचे कारणही तेथेच सापडेल.