रांगोळी काढणारे कासव

बेंगळुरूच्या बसवनगुडी किंवा मल्लेश्वरम् यांसारख्या जुन्या वस्तीतून सकाळी फिरणाऱ्यास दारोदारी सडा घालून काढलेल्या रांगोळ्या दिसतात. कानडीत ठिपक्याला ‘चुक्की’ म्हणतात, आणि ठिपके मांडून काढलेल्या रांगोळीला ‘चुक्की रंगोली’. महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीची ती सख्खी बहीण होय. रांगोळी काढणारी स्त्री प्रथम ठिपक्यांच्या ओळी मांडते; मग ठरलेल्या क्रमाने ते ठिपके जोडते, किंवा त्यांच्याभोवती रेषा वळवीत नेते. तिच्या ध्यानात केवळ चित्र नसते; ते कसे सिद्ध होते याचा नियम असतो. म्हणूनच पाच ठिपक्यांची रांगोळी येणारीला तीच रांगोळी अकरा ठिपक्यांवर वाढविता येते.

ह्याच नगरात संगणकासाठी आज्ञा लिहिण्याचा फार मोठा उद्योग वाढला आहे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये येथे आली; १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी आली. ह्या विद्येचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास पहिले धडे पुष्कळदा बेरजांचे व याद्यांचे मिळतात. यंत्राने उत्तर दिले, तरी ते कसे आले हे त्याला दिसत नाही. आज्ञांनी चित्र काढावयास घेतले, म्हणजे मात्र प्रत्येक आज्ञेचा परिणाम डोळ्यांसमोर उमटतो. उंबरठ्यावरची रांगोळी आणि पडद्यावरची आकृती ह्यांचे नाते येथेच आहे.

कासवाला दिलेल्या आज्ञा

अमेरिकेतील केंब्रिज येथे १९६७ साली वॉली फर्झिग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ह्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट हे गणितज्ञ होते, आणि मुले विचार कसा करतात ह्याचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजे ह्यांच्यासमवेत त्यांनी जिनिव्हा येथे काम केले होते. पुढे लोगोला एक ‘कासव’ जोडण्यात आले. हे कासव म्हणजे आरंभी जमिनीवर चालणारे, लेखणी बसविलेले चाकांचे यंत्र होते. नंतर पडद्यावर सरकणारी लहानशी खूण त्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

कासवाला दोनच गोष्टी कळल्या तरी पुष्कळ होते: किती पुढे जावयाचे, आणि किती अंश वळावयाचे. ‘१०० पावले पुढे जा, उजवीकडे ९० अंश वळ’ ही जोडी चार वेळा सांगितली की चौरस पुरा होतो. तीच ओळ चारदा लिहिण्याऐवजी ‘हे चार वेळा कर’ असे सांगता येते. पुनरावृत्तीची ही आज्ञा रांगोळीच्या ‘हेच चारी बाजूंना’ ह्या सूचनेसारखीच आहे.

चूक दिसते तेव्हा

आता समभुज त्रिकोण घेऊ. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे विद्यार्थ्याला पाठ असते. म्हणून तो ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ असे तीन वेळा सांगतो. पडद्यावर त्रिकोण उमटत नाही. अर्धा षट्कोन उमटतो आणि टोके उघडी राहतात. कासवाने आज्ञा मोडलेली नाही. जे सांगितले तेच त्याने केले.

अशा वेळी विद्यार्थ्याने उठून स्वतः कासव व्हावे आणि वर्गाच्या फरशीवर त्रिकोण चालून पाहावा. एका बाजूच्या टोकाशी आल्यावर आपले तोंड पुढेच असते. दुसऱ्या बाजूला लागण्यासाठी आतल्या कोनाइतके नव्हे, तर बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १८० उणे ६०, १२० अंश वळावे लागते. पुस्तकातील बाह्यकोन अशा रीतीने पायांना कळतो. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात येते: त्रिकोणात तीन वेळा १२०, चौरसात चार वेळा ९०, षट्कोनात सहा वेळा ६०; बेरीज सर्वत्र ३६० अंश. फेरी पुरी करून मूळच्या दिशेला तोंड केले, की एक पूर्ण वळण झालेच पाहिजे. पाच टोकांची चांदणी काढताना दर टोकाला १४४ अंश वळावे लागते. तेथे बेरीज ७२० होते, कारण चांदणी काढताना कासव दोन पूर्ण वळणे घेते.

येथे चूक ही लाल शाईची रेघ राहत नाही. कोठे आणि किती चुकले हे आकृतीच सांगते, आणि एक आकडा बदलून पुन्हा पाहता येते.

लहान नियमातून मोठी आकृती

चौरसाच्या आज्ञांना एक नाव दिले, की ‘चौरस’ हाच नवा शब्द कासवाला कळू लागतो. मग ‘चौरस काढ, १० अंश वळ’ हे ३६ वेळा सांगावे. छत्तीस चौरस एकाच बिंदूभोवती फिरून दाट पाकळ्यांचे फूल उमलते. १० च्या जागी ३० आणि ३६ च्या जागी १२ घातले, तर विरळ फूल मिळते. आकड्याच्या जागी एखादे अक्षर ठेवून त्याला वेगवेगळ्या किंमती दिल्या, की एकाच लेखनातून फुलांचे सारे कुळ तयार होते. नाव देणे, पुनरावृत्ती करणे, बदलती किंमत योजणे ही संगणकलेखनाची मुख्य अंगे विद्यार्थी येथेच शिकून जातो.

ठिपक्यांभोवती वळणारी रांगोळी ह्याहून खोल प्रश्न उभा करते. आयताकार मांडणीत रेषा तिरपी चालावी, शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध दुसऱ्या रेषेला किंवा स्वतःलाच छेदावी आणि कडेला आली की वळून आत यावी, असा नियम घेतला, तर सारे ठिपके एकाच अखंड रेषेने वेढले जातील काय? उत्तर दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांच्या संख्येत आहे. त्या संख्यांचा महत्तम साधारण विभाजक जितका, तितक्या रेषा लागतात. ३ व ४ ठिपक्यांना एकच रेषा पुरते. ४ व ६ ना दोन लागतात. ३ व ३ ना तीन. तामिळनाडूत अशा रांगोळीला कोलम म्हणतात. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन ह्यांनी १९७४ साली कोलमच्या रचनेचे नियम संगणकशास्त्राच्या व्याकरणात मांडून दाखविले. अंगणातील कला येथे शास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाली.

निवड कोणाची?

यंत्र नियम पाळते, मग चित्र कोणाचे, असा प्रश्न विचारला जातो. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे १९६५ साली गेओर्ग नेस ह्यांनी संगणकाने काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हाही हाच प्रश्न उठला होता. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात चौरसांच्या २२ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत १२ चौरस. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या आहेत. खाली यावे तसतसे चौरस अधिकाधिक कलंडत व विस्कटत जातात. कोणता चौरस किती कलंडावा हे यंत्राने सोडत काढल्याप्रमाणे ठरविले. पण सोडत कोठे घ्यावयाची, ती किती वाढवावयाची आणि कोठे थांबावयाचे हे माणसाने ठरविले. नियम निवडणे आणि निष्पत्तीतून योग्य ती राखणे हे काम यंत्राकडे जात नाही. नवशिक्या विद्यार्थ्याकडेही ते पहिल्या दिवसापासून असते.

ह्या अभ्यासाची साधने आता दुर्मिळ नाहीत. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट गावच्या शाळेत २००७ साली मुलांना देण्यात आलेल्या लहान संगणकांत कासवाने चित्रे काढण्याची सोय होती. आज्ञांचे ठोकळे जोडून चालविण्याची ‘स्क्रॅच’ ही पद्धती त्याच वर्षी लोकांसमोर आली, आणि चित्रकारांसाठी केसी रीस व बेन फ्राय ह्यांनी २००१ मध्ये आरंभिलेली ‘प्रोसेसिंग’ विनामूल्य मिळते.

ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही आरंभ अडत नाही. एका विद्यार्थ्याने आज्ञा लिहाव्यात, दुसऱ्याने कासव होऊन खडूने फरशीवर त्या जशाच्या तशा पाळाव्यात, आणि न लिहिलेले काहीही मनाने करू नये. नंतर वहीवर ३ व ४, मग ४ व ६ ठिपके मांडून रेषा फिरवावी. दुसऱ्या आकृतीत रेषा निम्म्याच वाटेवरून मूळ जागी परत येते, आणि उरलेल्या वाटेसाठी दुसरी रेषा सुरू करावी लागते. तसे का होते, हे शोधू लागणारा विद्यार्थी गणित आणि संगणकलेखन दोन्ही शिकू लागला असे समजावे.