वाफेच्या नळीची रजई

चाकण म्हटलें कीं पूर्वीं किल्ला आणि कांद्याचा बाजार आठवत. आज त्याच गांवाभोवतीं मोटारी व त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने पसरले आहेत. तेथें भाग धुण्यास ऊन पाणी लागतें, रबराचे साचे तापवावे लागतात. अशा कामीं जेथें वाफ वापरतात, तेथें ती बॉयलरपासून कामाच्या जागेपर्यंत लोखंडी नळ्यांतून न्यावी लागते. आणि या वाटेवरच पुष्कळशी उष्णता हरवते.

किती हरवते? सुमारें 8 वातावरणांइतक्या दाबाची वाफ 170 अंश सेंटिग्रेड तापलेली असते. ती वाहणारी 100 मिलिमीटर व्यासाची उघडी नळी दर मीटरमागें सुमारें 900 वॅट उष्णता हवेंत टाकते. दिवसाचा हिशेब 21 युनिटांवर जातो. साध्या शहरी घराला कांहीं दिवस पुरेल एवढी ही शक्ति.

उपाय रजईसारखाच आहे. रजई स्वतः ऊब देत नाहीं. कापसाच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. नळीभोवतीं खनिजलोकरीचें 50 मिलिमीटर जाड आवरण घातलें, तर 900 वॅटांचे 60-70 वॅट उरतात. जाडी दुप्पट केल्यानें मात्र बचत दुप्पट होत नाहीं. पहिल्या थराचा लाभ सर्वांत मोठा, पुढील प्रत्येक थराचा कमी. म्हणून इंधनाची किंमत व आवरणाचा खर्च यांचा मेळ घालूनच जाडी ठरवितात.

परंतु पुष्कळदां नुकसान वेगळ्याच ठिकाणीं असतें. सरळ नळी गुंडाळलेली असते. व्हॉल्व्ह आणि फ्लँज मात्र दुरुस्तीच्या सोयीसाठीं उघडे सोडलेले असतात. एक उघडा व्हॉल्व्ह साधारणतः एक मीटर उघड्या नळीइतकी, म्हणजे सुमारें 14 मीटर झांकलेल्या नळीइतकी, उष्णता दवडतो. काढतां-घालतां येणारा गादीसारखा अंगरखा हा त्यावरील उपाय.

दुसरा शत्रु पाणी. स्थिर हवेपेक्षां पाण्यांतून वीसपटींहून अधिक उष्णता वाहते. पावसाळ्यांत आवरणावरील ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या सांध्यांतून पाणी शिरलें, कीं लोकर भिजते, रजईचें ओलें पांघरूण होतें आणि आंत लोखंड नकळत गंजूं लागतें. म्हणून पत्र्याच्या कडा कौलांप्रमाणें एकीवर एक, पाणी बाहेर ओघळेल अशा बसवितात.

हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. उघड्या नळीस हात लागतांच कामगाराची कातडी भाजते. चांगल्या आवरणाला चुकून हात लागला तरी इजा होत नाहीं. आणि वाटेंत हरवलेली उष्णता बॉयलरमध्यें अधिक इंधन जाळूनच भरून काढावी लागते. तिचा धूर गांवाच्याच हवेंत मिसळतो.