दिवाणखान्यातील ड्रॅसिना

मक्यासारख्या लांब पानांची ड्रॅसिना आता पुष्कळ दिवाणखान्यांत दिसते. ती मरते बहुधा तहानेने नव्हे, तर पाण्याने. आफ्रिकेच्या अरण्यात ती मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते. म्हणून खिडकीजवळचा मंद उजेड तिला पुरतो. पण कुंडीत पाणी साचले की मातीतील हवा नाहीशी होऊन मुळे कुजतात व पाने पिवळी पडतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो! शाळेतील एक झाड मी अशाच दयाबुद्धीने मारले. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर तांब्या खाली ठेवावा. नुसती टोके करपली, तर नळाच्या पाण्यातील फ्लोराइडचा संशय घ्यावा व पावसाचे पाणी घालावे. घरात मांजर असल्यास कुंडी त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी. ही पाने त्याला विषारी ठरतात.