गंजाची आच

तुळिंजला राहायला आलो आणि दोन पावसाळ्यांतच खिडकीच्या ग्रिलनं दगा दिला. रेड ऑक्साइडचे दोन हात झाले, वर ऑइल पेंट झाला, तरी वेल्डिंगच्या सांध्यातून तांबूस पापुद्रे सुटतात. नख लावलं की बोटावर पूड. एकीकडे खाडी, वसईच्या बाजूला मिठागरं. खारं वारं लोखंडाला सुखानं जगू देत नाही.

लोखंड गंजतं तेव्हा उष्णता बाहेर पडते. ग्रिलला वर्षं लागतात, म्हणून हाताला ती कळत नाही. तेच लोखंड पूड करून मीठ, कोळसा आणि किंचित ओलाव्यासोबत पुरचुंडीत भरलं, की थंड प्रदेशातले लोक खिशात घालून हात शेकतात. अन्न गरम करायला मात्र आणखी उतावळा धातू हवा. तो म्हणजे मॅग्नेशियम.

10 जुलै 2018 ला आमच्या नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं, लांब पल्ल्याच्या गाड्या जागीच उभ्या राहिल्या. आमच्याकडे नेमका सिलिंडर संपलेला, चहाचेही वांधे. ते ऐकून अमेरिकेतल्या भाच्यानं पुढच्या खेपेला सैनिकी जेवणाचं पाकीट आणलं. ‘‘मामा, आता गॅस नको.’’

सोबतच्या पातळ पिशवीत करडी वडी होती: मॅग्नेशियमची पूड, थोडं लोखंड आणि मीठ. अमेरिकी आरमाराच्या संशोधनातून निघालेली ही युक्ती 1990च्या दशकात तिथल्या सैनिकांच्या शिध्यात रुळली. पाण्यात मॅग्नेशियमवर हायड्रॉक्साइडची साय धरते आणि काम मंदावतं. मिठातला क्लोराइड ती साय फोडतो. खारट पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि मॅग्नेशियम-लोखंडाच्या कणाकणांत इवल्याशा बॅटऱ्या सुरू होतात. मीठ स्वतः जळत नाही. ते नुसतं भांडण लावून देतं.

(पाण्यात मीठ टाकलं की भात लवकर शिजतो, हे आमच्या घरातलं जुनं मत. लिटरभर पाण्यात 58 ग्रॅम मीठ घालावं, तेव्हा कुठे उत्कलनबिंदू एका अंशानं चढतो. तो भात खाणार कोण?)

मॅग्नेशियमचा हिशेब तोंडात बोट घालायला लावणारा आहे. 24 ग्रॅम मॅग्नेशियमपासून सुमारे 350 किलोज्यूल उष्णता निघते. वाया गेली नाही तर नळाचं लिटरभर पाणी उकळून वर उरेल. पण त्याच 24 ग्रॅममधून जवळपास 24 लिटर हायड्रोजनही सुटतो. वडीत धातू याहून बराच कमी असतो, तरी जवळ काडी ओढायची नाही.

आम्ही रेघेपर्यंत पाणी ओतलं. मीठ आतच असल्यानं साधं नळाचं चाललं. मिनिटभरात पिशवी फुगली, फसफसली, ओल्या लोखंडाचा वास सुटला. दहा-बारा मिनिटांत जेवणाच्या पाकिटातला राजमा हात भाजेल इतका तापला. पिशवीत उरला करडा लगदा. त्यातलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे औषधाच्या दुकानात पित्तावर मिळतं तेच.

‘‘मामा, खिडकी उघडा, गॅस जाऊ दे,’’ भाचा म्हणाला. मी उठलो, कडी काढली, जोर लावला. बिजागरी गंजून घट्ट बसली होती.