झोन मोठा, बदल सतत

शाळेच्या जनरल रजिस्टरात एक नाव वाढवायचे म्हणून आपण सारे रजिस्टर पुन्हा लिहीत नाही. इंटरनेटवर मात्र बराच काळ जवळजवळ तसेच चाले.

नावावरून संगणकाचा अंकी पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. तिच्यातील एका विभागाच्या नोंदींना झोन म्हणतात. ‘डॉट कॉम’चा झोन २००४ पर्यंत दिवसातून दोनदाच नव्याने प्रसृत होई, नोंदवलेले नाव चालू व्हायला कित्येक तास लागत. त्या सप्टेंबरपासून बदल काही मिनिटांत पोहोचू लागले.

अशा झोनसाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे? सेकंदाला उत्तरे किती, एवढेच पाहिले तर आपण फसतो. नेदरलँड्समध्ये तयार झालेले एनएसडी २००३ मध्ये ‘के’ या मूळ सर्व्हरवर बसवले गेले. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या झोन आधीच शिजवून ठेवत, म्हणून त्या चपळ. पण बदल झाला की पुन्हा चूल पेटवणे आले. मूळ झोन लहान, तिथे हे खपले. कोट्यवधी नावांना ते परवडत नाही. शिवाय नवी प्रत तयार होईपर्यंत जुनीही स्मृतीत ठेवायची, म्हणजे जागा जवळजवळ दुप्पट!

१९९६ मध्ये ठरलेल्या आयएक्सएफआर पद्धतीत दुय्यम सर्व्हर आपल्या प्रतीचा अनुक्रमांक कळवतो आणि प्रमुख सर्व्हर पुढचे फेरफारच पाठवतो. मात्र त्या फेरफारांची नोंद प्रमुखाकडे उरली नसेल, तर पुन्हा सगळा झोन धाडावा लागतो.

तेव्हा चाचणी अशी घ्यावी: झोन पूर्ण भरावा, प्रश्नांचा मारा चालू ठेवावा आणि त्यातच बदल सोडावेत. नवा पत्ता किती सेकंदांनी उत्तरात उमटतो ते मोजावे. मग सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि पहिले उत्तर यायला लागलेला वेळही टिपून ठेवावा.