‘सिव्हिलमध्ये याचं काही नसतं’ हे खरे नाही

एखाद्या मुलीने जेवण तोडले आहे, वजन झडत चालले आहे, अशी गोष्ट निघाली की जळगाव-धुळ्यात एक वाक्य हमखास कानावर पडते: “सिव्हिलमध्ये याचं काही नसतं. मुंबई-पुण्यालाच न्यावं लागेल.” शिकलेली माणसे हे बोलतात, शिक्षक बोलतात, कधीकधी दवाखाना चालवणारेही बोलतात. मग चारशे किलोमीटरवरच्या मुंबईचा खर्च, राहायची सोय, बारावीची परीक्षा आणि घरची पेरणी यांचा मेळ घालण्यात महिने जातात. मधल्या काळात मुलीचे वजन आणखी उतरलेले असते. मला या वाक्याचा राग येतो, कारण ते अर्धे खरे आहे आणि उरलेला अर्धा भाग जीवावर बेतू शकतो.

खरा भाग आधी सांगतो. खाण्याच्या विकारांसाठी वेगळा वॉर्ड, वेगळी टीम ही सोय देशातल्या मोठ्या शहरांतही दुर्मीळ आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. खानदेशात एकही नाही. या आजारासाठी लागणारी मानसोपचार पद्धत शिकलेले मानसशास्त्रज्ञ इकडे कमी आहेत. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे खाणे कमी करत करत स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजारात, पहिला धोका शरीराला असतो. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, उभे राहताना भोवळ येते, पाळी थांबते, रक्तातले क्षार बिघडतात. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग बोटे घालून उलटी काढण्याच्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेण्याच्या आजारात, वजन बहुतेकदा ठीक दिसते; पण पोटॅशियम इतके खाली जाऊ शकते की हृदयाची लय चुकते. २०११ साली ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे सहापट निघाला आणि त्यांतला दर पाचवा मृत्यू आत्महत्येचा होता. म्हणून पहिल्या दिवशी हवे ते एवढेच: वजन-उंची, झोपून आणि उभे राहून मोजलेली नाडी व रक्तदाब, ईसीजी, आणि रक्तातली साखर, पोटॅशियम, फॉस्फरस यांची तपासणी. यासाठी मुंबई लागत नाही.

जळगावच्या सिव्हिलला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे सर्वोपचार रुग्णालय कित्येक वर्षांपासून आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मेडिसिन, बालरोग आणि मानसोपचार हे तिन्ही विभाग आलेच. या आजाराला नेमके हेच लागते: शरीर सांभाळणारा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर एकाच छताखाली. शहरातल्या महागड्या समुपदेशकाच्या खोलीत ईसीजीचे यंत्र नसते.

आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. उपाशी देहाला पुन्हा अन्नावर कसे आणायचे, याचे ज्ञान आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेकडे आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे चालतात. तिथल्या पद्धतीत दाखल झालेल्या बाळाला पहिल्या दिवसापासून भरपूर खाऊ घालत नाहीत. आधी १०० मिलीला ७५ कॅलरी देणारे एफ-७५ हे दूध थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी देतात. बाळ स्थिरावले की मग जास्त ताकदीचे एफ-१००. कारण असे की, दीर्घ उपासमारीनंतर एकदम अन्न मिळाले तर इन्सुलिन उसळते, फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढले जातात, रक्तातली त्यांची पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकते. सतरा वर्षांच्या अ‍ॅनोरेक्सियाच्या मुलीच्या शरीरातही हेच घडते. तिचे वय, वजन आणि आहाराचे गणित वेगळे असते, तत्त्व तेच.

म्हणूनच “दोन बाटल्या सलाईन लावा, ताकद येईल” हा आग्रह धोकादायक आहे. आपल्याकडे सलाईन मागून घेतात आणि मागितले की मिळते. सलाईन म्हणून लावलेली ग्लुकोजची बाटली ही उपाशी शरीरात एकदम ओतलेली साखरच असते. आधी जीवनसत्त्व बी-१ दिले नाही, क्षार तपासले नाहीत, तर जिला वाचवायला बाटली लावली तिलाच त्यातून अपाय होऊ शकतो. “घरी आणा, तूप-शिरा घाला, आठ दिवसांत उभी राहील” हा आजीचा सल्लाही मायेचा असला, तरी फार खंगलेल्या मुलीच्या बाबतीत तो डॉक्टरांच्या नजरेखालीच पाळायचा.

“सिव्हिलवाले ऐकूनच घेत नाहीत,” हेही सांगतात. यात तथ्य आहे, कारण आपण जे सांगतो त्यावरून केसपेपर भलत्या खिडकीवर जातो. “अशक्तपणा आहे” म्हटले की टॉनिक मिळते. “पाळी येत नाही” म्हटले की स्त्रीरोग विभाग. “उलट्या होतात” म्हटले की दुर्बिणीची तपासणी. कोणी म्हणते बाहेरचे आहे, मग भगताकडे एक फेरी. तेव्हा ओपीडीत स्पष्ट सांगा: किती महिन्यांत किती किलो वजन गेले, जेवण मुद्दाम टाळते का, जेवल्यावर लगेच संडास-बाथरूममध्ये जाते का, पाळी केव्हापासून थांबली, चक्कर येऊन पडली का. आणि मेडिसिनबरोबर मानसोपचार विभागाचाही कागद मागा. विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, मुलगी बेशुद्ध पडली असेल किंवा जीव देण्याचे बोलत असेल, तर ओपीडीच्या रांगेत थांबू नका. सरळ अपघात विभागात न्या.

शिरपूर, साक्री, चोपडा, रावेर इथून लगेच निघणे जमत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू केला. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, आणि गरज पडली तर समुपदेशक पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. शाळेतल्या बाईंनी विद्यार्थिनीला पहिल्यांदा पाठवायला ती जागा चांगली.

ही सरकारची मेहरबानी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम १८ सांगते की, मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असावी. किमान सेवा सरकारी यंत्रणेत नसेल, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, असेही त्यात आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हे उपचार मोफत आहेत. आणि खाण्याचे विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहेत, म्हणजे ते या कायद्यात बसतात. जिल्ह्यात मानसशास्त्रज्ञाचे पद रिकामे असेल, तर त्याची विचारणा आमदारांकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे याच कलमाच्या आधारे करता येते. रस्त्यासाठी निवेदने देणाऱ्या आपल्या गावांनी यासाठीही ती द्यायला हवीत.

मुंबई-पुणे किंवा बंगळुरूचे निम्हान्स हे मानसोपचार रुग्णालय कधी लागते? इथे प्रकृती स्थिर झाल्यावरही वजन वाढत नसेल, आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल, तेव्हा. पण तो पुढचा टप्पा आहे, आणि सिव्हिलचे रेफरलचे कागद हातात घेऊन गेलेल्या रुग्णाचा तिथला वेळ वाचतो. मधल्या काळातले मोठे काम घरातच होते. किशोरवयीन अ‍ॅनोरेक्सियावर लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात जी कुटुंबाधारित पद्धत तयार झाली, तिचा गाभा असा की, आईबापांना दोष द्यायचा नाही. उलट काही काळ प्रत्येक जेवणाचा ताबा त्यांनीच घ्यायचा, मुलीसोबत बसून ते संपवून घ्यायचे, आणि वजन सावरल्यावर तो ताबा हळूहळू तिला परत द्यायचा. आई, काकू, मोठी बहीण आळीपाळीने ताटाशी बसू शकतात अशी घरे खानदेशात अजून आहेत. त्यांना हवे असते महिन्याला दोन-तीनदा वजन बघणारे आणि धीर देणारे डॉक्टर.

आता बाकीचे गैरसमज.

“हे शहरातल्या श्रीमंत पोरींचे आजार.” दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली होती: जेवायला नकार, सततच्या उलट्या, वजन झडलेले, पाळी बंद. पण ‘मी जाड आहे’ ही भावना त्यांच्यात नव्हती. भारतीय रुग्ण परदेशी पुस्तकातल्या वर्णनासारखा दिसेलच असे नाही, म्हणून तो निसटतो. आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. जे मोजलेच नाही ते इथे नाही, असे कसे म्हणता?

“उपवास करते, धार्मिक आहे.” एकादशी-चतुर्थी हा आजार नव्हे. पण उपवास सोडायच्या वेळी जिचा जीव घाबरा होतो, आणि जिचे उपवास दर महिन्याला वाढत जातात, तिच्याकडे लक्ष द्या.

“हट्ट आहे, दोन ठेवून दिल्या की खाईल.” १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. ते उदास, चिडखोर झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. उपासमारच मन बदलते. मार देऊन ते पालटत नाही.

“मुलांना हे होत नाही.” होते. जिममध्ये, पोलीस भरतीच्या तयारीत, वजनगटाच्या कुस्तीत ते लपून राहते.

“जाड माणसाला कसला खाण्याचा आजार?” ताबा सुटून खाण्याचा विकार, बिंज इटिंग, हाही मान्य आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

“विम्यात बसत नाही.” त्याच कायद्याचे कलम २१ म्हणते की, विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे.

“मानसोपचाराचा कागद झाला की लग्न अडेल.” कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे. स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्याला सिव्हिलचा केसपेपर कोणी दाखवू शकत नाही.